लाईट गेली, डेटाबेस परत सुरू झाला, आणि १०२ लिटर दूध जुळेना

मे महिन्यातली गोष्ट, १८ तारीख, संध्याकाळी वळवाचा पाऊस. वारणेच्या काठावरच्या एका गावात दूध संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो, म्हणजे सॉफ्टवेअर माझंच, सर्व्हर म्हणजे ऑफिसातला एक साधा पीसी, त्यावर उबुंटू २२.०४ आणि पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस. मुख्य केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांची एन्ट्री थेट होते, बाकी तीन उपकेंद्रांची माणसं संकलन संपलं की पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यातली फाइल माझा प्रोग्राम आत ओढून घेतो. सगळे मिळून एका वेळेला ५८५ सभासद. त्या दिवशी साडेआठच्या सुमाराला इम्पोर्ट झाला, स्क्रीनवर ३७१ नोंदी आल्या असं दिसलं, ऑपरेटर पोरगा पेनड्राइव्ह काढतोय तोवर बाहेर जोरात कडाडलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, पीसी तिथल्या तिथे बंद.

रात्री अकराला लाईट आली. सकाळी पोराने पीसी चालू केला, सॉफ्टवेअर उघडलं, एन्ट्र्या सुरू. मला कुणी फोन केला नाही, आणि करायचं कारण तरी काय, सगळं चालत होतं की.

फोन आला २१ तारखेला. आमच्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, ११ ते २० चं बिल काढायला सेक्रेटरी अण्णा सकाळीच बसले होते. म्हणाले, "सर, बेरीज लागंना झालीया. १८ तारखेच्या संध्याकाळच्या रजिस्टरला २,८२० लिटर ४०० दिसतंय, आणि सभासदवार काढलं की तीच संध्याकाळ २,७१७ लिटर ९००. बाकी एकोणीस वेळा तंतोतंत लागत्यात, एवढी एकच नाही."

मी गप्प झालो. कारण रजिस्टर आणि सभासदवार बिल ह्या दोन्ही गोष्टी एकाच टेबलातून निघतात, त्याच ओळी, फक्त एकदा तारखेने शोधायच्या आणि एकदा सभासद नंबरने. माझ्या क्वेरीत चूक असती तर रोज चुकली असती. एकाच टेबलाने एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली म्हणजे क्वेरी बघायच्या आधी डेटाबेसच्या पोटात काय झालंय ते बघायला पाहिजे.

अण्णांनीच पुढं विचारलं, "त्या संध्याकाळी लाईट गेलती. जुन्या सॉफ्टवेअरला लाईट गेली की आम्ही रीइंडेक्स मारायचो, तसलं काय मारायचं का?" जुनं सॉफ्टवेअर म्हणजे फॉक्सप्रोचं, ज्यांनी ते वापरलंय त्यांना आठवत असेल, मेनूतच रीइंडेक्सचं, म्हणजे इंडेक्स (ओळ पटकन शोधायची सूची) नव्याने बनवायचं, बटण असायचं आणि कित्येक ऑफिसात सकाळी उदबत्ती लावली की आधी ते दाबायचे. अण्णांचं निदान निम्मं बरोबर होतं हे मला दुपारपर्यंत कळणार होतं, पण फोनवर मी एवढंच म्हणलं की अण्णा, काहीही मारू नका, सॉफ्टवेअर बंद करा, आज संध्याकाळचं दूध कच्च्या वहीत लिहा, मी येईपर्यंत पीसीला हात लावू नका.

हे मी का म्हणलं ते नीट सांगतो, कारण ह्या जागेवर माणूस सगळ्यात जास्त नुकसान करतो. क्रॅशने जेवढं मोडतं त्याच्या दुप्पट नंतरच्या दुरुस्तीने मोडतं. डेटाबेसवर शंका आली की हात शिवशिवतात, रीस्टार्ट कर, व्हॅक्यूम (रद्द ओळींची जागा मोकळी करणारी साफसफाई) मार, काल रात्रीचा बॅकअप त्याच्यावरच टाक, नेटवर कुणीतरी सांगितलेली पीजी-रीसेटवॉल चालव. ही शेवटची तर फार वाईट, ती डेटाबेसला जबरदस्तीने सुरू करते पण त्यासाठी त्याची रोजकीर्दच, म्हणजे वॉल नावाची बदलांची नोंदवहीच, फाडून टाकते, आणि एकदा फाडली की परत येत नाही. दुसऱ्या डेटाबेसवाल्यांचंही तसंच. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीला फोर्स रिकव्हरीचे १ ते ६ आकडे आहेत, लोक सरळ ६ टाकतात, पण ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, त्यामुळे १ पासून एकेक चढायचं. एसक्यूलाइटमध्ये डेटाबेसच्या शेजारी जर्नल किंवा वॉल नावाची फाइल दिसते, ती कचरा समजून उडवू नका, अर्धवट राहिलेलं काम त्याच फाइलवरून मागे घेतलं जातं किंवा पूर्ण होतं.

तर गेल्या गेल्या पहिलं काम, पोस्टग्रेस व्यवस्थित बंद केलं आणि अख्खी डेटा डिरेक्टरी, वॉलसकट, बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केली. दोनदा. एक कॉपी हात न लावता ठेवायची, दुसरी माझ्या लॅपटॉपवर उघडून तिच्यावर काय ते प्रयोग करायचे. दीड जीबीचा डेटा, दहा मिनिटं लागली असतील. अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले होते, दारात तीन-चार सभासद बिलं कधी मिळणार म्हणून थांबलेले, आणि मी नुसता कॉपीची पट्टी सरकताना बघतोय, त्यांना वाटलं असणार हा काहीच करत नाही. पण हीच दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची होती.

मग लॉग वाचला. १९ तारखेच्या सकाळी पोस्टग्रेस उठताना जे लिहितं तेच तिथे होतं: डेटाबेस मध्येच तुटला, शेवटचा जिवंत असल्याची नोंद रात्री ८ वाजून ३२ मिनिटांची, नीट बंद झाला नव्हता म्हणून आपोआप रिकव्हरी चालू, रीडू (वॉलमधलं काम परत करणं) सुरू, मग एक रेकॉर्डची लांबी चुकीची असल्याची ओळ, रीडू संपलं, कनेक्शन घ्यायला तयार. ती लांबीची ओळ बघून घाबरायला होतं, पण ती बहुतेक वेळा साधीच असते, वॉल इथे संपली एवढाच तिचा अर्थ. म्हणजे लॉगच्या हिशेबाने रिकव्हरी अगदी छान झाली होती.

रिकव्हरी म्हणजे काय ते दूध संस्थेच्याच भाषेत सांगतो, अण्णांनाही असंच सांगितलं. संस्थेत आधी रोजकीर्द लिहितात, मग तिच्यावरून खतावणी. खतावणीचं पान फाटलं तर रोजकीर्द आहे, परत उतरवता येतं. डेटाबेसमध्ये टेबलं आणि इंडेक्स म्हणजे खतावणी, आणि वॉल म्हणजे रोजकीर्द. आधी वॉलमध्ये लिहायचं, ते डिस्कवर पक्कं बसलं की मगच "झालं" म्हणायचं, खतावणी मागून सावकाश. आणि अधूनमधून चेकपॉइंट, म्हणजे "इथपर्यंतची खतावणी पूर्ण" अशी सही. क्रॅश झाला की शेवटच्या सहीपासून पुढची रोजकीर्द वाचायची आणि खतावणी भरून काढायची. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००१ साली ७.१ मध्ये आली. ह्या विचाराचा पाया १९९२ साली सी. मोहन आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एरीज म्हणून जी पद्धत मांडली तिथे पक्का झाला, मद्रासच्या आयआयटीत शिकलेला माणूस, आणि आज जगातले कितीतरी मोठे डेटाबेस क्रॅशनंतर त्या धर्तीवर उठतात, हे मला कायम फार भारी वाटत आलंय.

पण ही सगळी इमारत एका विटेवर उभी आहे. "डिस्कवर बसलं" हे खरं असलं पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला दिलेलं आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते, त्यामुळे डेटाबेसला एफसिंक नावाचा हुकूम द्यावा लागतो, की आत्ताच्या आत्ता उतरव आणि उतरवल्यावरच सांग. ही वीट काढली तर रोजकीर्द लिहिणारा "लिहिलं" म्हणतोय पण पेन अजून कानावरच आहे अशी गत.

मी कॉन्फिग फाइल उघडली. एफसिंक ऑफ.

ते मीच केलं होतं. ३१ मार्चच्या रात्री. १ एप्रिलला नवीन वर्षाबरोबर नवीन सॉफ्टवेअर चालू करायचं होतं, जुन्या नोंदींचं टेबल भरायला फार वेळ लागत होता, रात्रीचे दोन वाजलेले, स्पीड यावा म्हणून मी ती सेटिंग बंद केली, सकाळी परत चालू करू म्हणून. सकाळी उद्घाटन, नारळ, पेढे, चेअरमनचं भाषण, आणि ते राहिलं ते राहिलंच. त्या ओळीच्या शेजारी फाइलमध्येच लिहिलेलं असतं की हे बंद केलं तर डेटा दुरुस्त न होण्याइतका खराब होऊ शकतो. ४८ दिवस ते तसंच चाललं आणि रोज छान चाललं. मी अण्णांना तिथेच सांगितलं की ही चूक लाईटीची नाही, पावसाची नाही, तुमच्या पोराची तर अजिबात नाही, माझी आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं, आता दूध कुठं गेलं ते शोधा."

(स्पीडच पाहिजे असेल तर सिंक्रोनस कमिट नावाची वेगळी सेटिंग आहे, ती ऑफ केली तर क्रॅशमध्ये शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात, पण डेटाबेस आतून मोडत नाही. हा फरक ज्यांच्या हातात सर्व्हर आहे त्यांनी खरंच समजून घ्या.)

झालं काय ते आता कळत होतं. माझ्या इम्पोर्ट प्रोग्रामच्या शेवटी मी स्वतःहून एक चेकपॉइंट घातला होता, डेटा सुरक्षित राहावा म्हणून. एफसिंक बंद असताना तो चेकपॉइंट म्हणजे खोटी सही. ८ वाजून ३२ मिनिटांनी "खतावणी इथपर्यंत पूर्ण" ही सही डिस्कवर पोचली, पण खतावणीची पानं अजून मेमरीतच होती, काही उतरली, काही उतरायच्या आत लाईट गेली. सकाळी पोस्टग्रेसने सही बघितली, त्याच्या आधीचं काहीच परत तपासलं नाही, पुढची चार ओळींची रोजकीर्द वाचली आणि म्हणाला मी तयार. तो त्याच्या जागी प्रामाणिकच होता.

डिस्क आणि रॅम पण तपासून घेतली, स्मार्टचे आकडे, कर्नलचा लॉग, मेमटेस्ट, सगळं स्वच्छ. हे करायलाच पाहिजे, कारण डिस्कच मरत असेल तर त्या डिस्कवर पुढचं काहीच करून उपयोग नाही.

मग लॅपटॉपवरच्या कॉपीत अण्णांचा फरक शोधायला घेतला. सोपी युक्ती आहे, प्लॅनरला, म्हणजे ओळी कशा शोधायच्या ते ठरवणाऱ्या भागाला, सांगायचं की इंडेक्स वापरू नको, इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन, बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद, आणि तीच क्वेरी परत चालवायची. सभासद ४१२, १८ मे, संध्याकाळ. इंडेक्सने शोधलं तर १९ तारखेला हाताने भरलेली एकच ओळ. इंडेक्स बंद करून शोधलं तर दोन. दुसरी ओळ टेबलात ठणठणीत होती, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), दर सगळं जागच्या जागी, फक्त इंडेक्सला ती माहीतच नव्हती. अशा सगळ्या ओळी काढल्या तर एकोणीस निघाल्या, आणि त्यांचे सभासद नंबर बघितले तर ४११, ४१२, ४१३, मग ४५५, ४५६, ४५७, ४५८, मग थेट ५०२ पासून पुढचे तीन, असे सलग सलग गठ्ठे. हे बघून माझ्या अंगावर काटा आला, कारण इंडेक्सच्या एका पानावर तेव्हा तीन-चार सभासदांच्या नोंदी मावत होत्या. पुस्तकातलं एकेक जुनं पान डोळ्यासमोर दिसावं तसं दिसत होतं ते. सहा पानं डिस्कवर पोचलीच नव्हती, तिथे १८ तारखेच्या सकाळची आवृत्तीच राहिली होती.

हे हाताने शोधायची गरज नसते खरं तर. पोस्टग्रेस १४ पासून पीजी-अॅमचेक म्हणून टूल बरोबरच येतं, त्याला हीप-ऑल-इंडेक्स्ड हा पर्याय दिला की टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते बघतं. चालवलं, तेच एकोणीस. तारखेचा इंडेक्स मात्र पूर्ण निरोगी. म्हणून रजिस्टर जास्त आणि बिल कमी.

मग अण्णांचं रीइंडेक्स, कॉपीवर. आणि ते फेल झालं. युनिक इंडेक्स बनवता येत नाही, दोन ओळी सारख्या आहेत. सभासद नंबर, तारीख, वेळ ह्याच्यावर मी युनिक लावलं होतं, म्हणजे तशी ओळ एकदाच येऊ शकते, पण जो इंडेक्स डुप्लिकेट अडवणार तोच आंधळा झालेला. ४१२ आणि ४५६ ह्या दोघांनी १९ तारखेला येऊन विचारलं होतं की काल संध्याकाळचं दिसत नाही, पोराने बिचाऱ्याने त्यांची पावती बघून एन्ट्री परत मारली, आणि डेटाबेसने ती घेतली. त्या दोन जादा नोंदी, ११ लिटर ३०० ची, काढल्या, रीइंडेक्स झालं, रजिस्टर २,८०९ लिटर १००, सभासदवार २,८०९ लिटर १००. जुळलं.

मी लॅपटॉप मिटायला घेतला होता. खोटं नाही सांगत, मला वाटलं झालं.

अण्णांनी टेबलाच्या खणातून एक लाल वही काढली. बल्क कूलरची वही. रोज दोन्ही वेळेला संकलन संपलं की कूलरमध्ये पट्टी बुडवून किती दूध आहे ते त्यात लिहितात, हाताने, निळ्या पेनने. १८ मे संध्याकाळ, ३,१५० लिटर. "पावसानं लोक कमी आली आसतील म्हणून मी काय बोललो न्हाई," अण्णा म्हणाले, "पण कूलरात ३४० लिटर जादा कसं?"

दोन्ही रिपोर्ट जुळले होते आणि दोन्ही चुकीचे होते.

ह्या वेळी मी टेबलाच्या आतच उतरलो. पोस्टग्रेसमधल्या प्रत्येक ओळीला सी-टिड नावाचा पत्ता असतो, कितव्या पानावर कितवी जागा. पान म्हणजे ८ केबी. माझी एक ओळ जागेसकट साधारण १२८ बाइट्सची, म्हणजे एका पानावर ६३ ओळी. पानवार ओळी मोजल्या: ८८६ वर ६३, ८८७ वर ६३, आणि मग थेट ८८९. ८८८ नाहीच. नोंदींच्या आयडींमध्येही तिथेच ६३ चं भगदाड. क्रॅशनंतर सीक्वेन्समध्ये, म्हणजे आयडी देणाऱ्या मोजणीत, थोडे नंबर सुटणं हे नॉर्मल असतं, पोस्टग्रेस सीक्वेन्सचे ३२ नंबर आधीच वॉलमध्ये नोंदवून ठेवतो त्यामुळे तेवढी उडी पडू शकते, पण ६३, तेही मधोमध, तेही बरोबर एका पानाएवढे, हे नॉर्मल नाही. पान उघडून बघितलं, ८ केबी सगळे शून्य. फाइल तेवढी वाढली होती, पानासाठी जागा धरली होती, पण मजकूर आलाच नाही.

आणि ह्या कोऱ्या पानाबद्दल कुणीही तक्रार केली नव्हती, हे मला आजही सलतं. अॅमचेकने नाही, कारण कोऱ्या पानात तपासायला ओळच नसते. चेकसम (पान बिघडलंय का ते ओळखायचे तपासणीचे आकडे) चालू असते तरी त्यांनी केली नसती, पूर्ण शून्य असलेलं पान पोस्टग्रेस "नवीन, अजून न वापरलेलं" म्हणून चालवून घेतो. रोज रात्री दोनचा बॅकअप, तोही नंतरच्या दोन रात्री यशस्वी झालेला, कारण पीजी-डम्प टेबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत जातो, इंडेक्सकडे बघत नाही, आणि कोरं पान आलं की पुढे जातो. म्हणजे १८ च्या पहाटेचा बॅकअप त्या संध्याकाळच्या आधीचा, आणि १९ च्या पहाटे तर पीसी बंदच, नंतरचे सगळे ६३ ओळी गमावलेले, आणि मला रोज "बॅकअप ओके" असा मेसेज. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब ह्या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या वेबसाइटवाल्यांचा मुख्य डेटाबेस चुकून डिलीट झाला होता तेव्हा त्यांना कळलं की रोजचा पीजी-डम्प ९.२ चा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप कधीपासून होतच नव्हता, शेवटी सहा तास आधीच्या एका स्नॅपशॉटवरून उभं राहावं लागलं. ते मी वाचलं होतं, मित्रांना सांगितलंही होतं. माझा बॅकअप होत होता, पण काय बॅकअप होतंय हे मी बघत नव्हतो.

अजून एक. ते कोरं पान व्हॅक्यूमच्या नजरेला पडलं असतं तर त्याने ते रिकामं म्हणून वापरायला दिलं असतं आणि नवीन दिवसांच्या ओळी त्यात बसल्या असत्या, आणि मूळ ६३ ओळींचे जे इंडेक्सचे बाण अजून ८८८ कडे रोखलेले होते ते भलत्याच माणसाच्या ओळीवर गेले असते. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर. तीन दिवसांत टेबलात तेवढी भर पडली नव्हती म्हणून ऑटोव्हॅक्यूम तिथपर्यंत गेला नाही. म्हणून म्हणतो की शंका आली की आधी बंद करा, चालू ठेवून तपासू नका.

आता ६३ नोंदी परत आणायच्या कुठून. माझा प्रोग्राम इम्पोर्ट झालेली फाइल वेगळ्या फोल्डरला टाकतो, तिथे बघितलं, फाइलचं नाव आहे, साइज शून्य. तीही त्याच मिनिटाला त्याच डिस्कवर गेलेली. पेनड्राइव्हवर दुसऱ्या दिवशीची फाइल त्याच नावाने चढलेली. राहिली फक्त लोकांच्या हातातली छापील पावती.

निदान कुणाच्या पावत्या पाहिजेत ते तरी माहीत होतं. उपकेंद्रांच्या सभासदांची यादी काढली, त्या संध्याकाळी नोंद नाही पण आदल्या आणि दुसऱ्या दिवशी आहे असे सगळे. अण्णांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, आणि ग्रामपंचायतीच्या स्पीकरवरून सांगायला लावलं की १८ तारखेच्या संध्याकाळची पावती घेऊन या, बिलात धरायची आहे.

दोन दिवस लोक येत होते. थर्मल कागद, काहींचा घामाने पुसट झालेला, काहींचा उन्हात गाडीच्या डिकीत राहून काळा पडलेला, मोबाइलच्या टॉर्चवर तिरका धरून वाचायचा. एक आज्जी आल्या, एक म्हैस त्यांची, पदराची गाठ सोडली आणि घडी घालून घालून बोटाच्या पेराएवढी केलेली पावती काढून माझ्या हातात दिली. ४ लिटर २००, फॅट ६.९, एसएनएफ ९.१. मी टाइप करेपर्यंत त्या उभ्याच. "लागलं का रं माझं दूध?" म्हणल्या. लागलं म्हणलं आज्जी. स्क्रीन वळवून त्यांचं नाव आणि लिटर दाखवलं, त्यांनी पावती परत मागून घेतली आणि परत गाठीत बांधली.

बरोबर केलं त्यांनी. त्या संध्याकाळच्या त्यांच्या दुधाचा सगळ्या जगात तेवढाच पुरावा होता.

६३ पैकी ५७ पावत्या आल्या. उरलेल्या सहा जणांचं आधीच्या पाच संध्याकाळींच्या सरासरीने धरायचं असं संचालकांनी ठरवलं, त्या सहाही जणांना बोलावून आकडा दाखवून सह्या घेतल्या. सगळं मिळून ३३८ लिटर. रजिस्टर ३,१४७ लिटर १००. लाल वहीत ३,१५०. पट्टीवर तेवढा फरक रोजच पडतो. बिलं २५ ला वाटली, चार दिवस उशिरा.

दुरुस्त केलेली डेटाबेस मी तिथेच चालू ठेवली नाही. जे टेबल आतून एकदा असं निघालं त्याच्या बाकी पानांवर माझा विश्वास बसेना, म्हणून सगळ्याचा डम्प घेतला, नवीन क्लस्टर (पोस्टग्रेसची कोरी डेटा डिरेक्टरी) बनवला, ह्या वेळी चेकसम चालू करून, आणि त्यात रीस्टोअर केला. (पोस्टग्रेस १८ मध्ये चेकसम आपोआप चालू असतात, त्याच्या आधीच्या व्हर्जनला स्वतः सांगावं लागतं किंवा डेटाबेस बंद करून पीजी-चेकसम्सने चालू करावे लागतात.) रीस्टोअर करताना इंडेक्स, फॉरेन की सगळं कोऱ्या पाटीवर नव्याने बनतं, त्यामुळे डुप्लिकेट ओळ किंवा तुटलेला दुवा राहिला असेल तर तिथे ओरड होतेच. पॉवर गेली तरी हातातलं लिहून संपवणारी, आत कपॅसिटर असलेली एसएसडी घेतली, यूपीएसला बॅटरी घेतली, दोन्हीचे पैसे मी घातले, अण्णा नको म्हणत होते. एफसिंक ऑन. आणि रोज सकाळी संस्थेला जो मेसेज जातो त्यात आता दोन ओळी वाढल्यात, एक डेटाबेसला विचारून आलेली एफसिंकची स्थिती, आणि दुसरी रजिस्टर, सभासदवार आणि कूलर ह्या तिन्हींची बेरीज शेजारीशेजारी.

नवीन मशीन ताब्यात द्यायच्या आधी एका दुपारी मी अण्णांना आणि ऑपरेटर पोराला बसवलं. यूपीएस बाजूला काढला. एक छोटा प्रोग्राम खोट्या एन्ट्र्या मारत सुटलेला, एकेक पक्की झाली की तिचा नंबर नेटवर्कवरून माझ्या लॅपटॉपवर उतरायचा, आणि मध्येच पोराने भिंतीतला प्लग उपटायचा, त्याच्या मनाला येईल तेव्हा. मग परत चालू, पोस्टग्रेस उठू द्यायचं, अॅमचेक, आणि लॅपटॉपवरचा शेवटचा नंबर टेबलात आहे का, मधला एखादा गायब आहे का, ते बघायचं. पहिल्यांदा प्लग काढताना पोराचा हात धजत नव्हता. दहा वेळा केलं. आठव्या वेळी त्याने बरोबर चेकपॉइंट चालू असताना ओढला, मी मुद्दामच त्याला खूण केली होती. ४,११८ नंबर लॅपटॉपवर, ४,११८ ओळी टेबलात, इंडेक्सने मोजल्या तरी तेवढ्याच आणि इंडेक्स बंद करून मोजल्या तरी तेवढ्याच. दहावी झाली तेव्हा साडेपाच वाजले होते, बाहेर किटल्यांचे आवाज सुरू झाले, अण्णांनी लाल वही खणातून काढून मॉनिटरच्या शेजारी ठेवली आणि पोराने पहिली एन्ट्री मारली.